माणसांच्या खात्यातली उमेदवारी

पुण्याहून नगरकडे निघालात (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण रस्ता अजून सर्वांच्या तोंडी ‘नगर रोड’च आहे), वाघोली, लोणीकंद मागे टाकलेत, की पेरण्याच्या पुढे भीमेचा पूल लागतो. पूल ओलांडला की आमचे कोरेगाव. गावाचे नाव सांगितले की ऐकणाऱ्याला १ जानेवारी १८१८ ची लढाई, विजयस्तंभ आणि दर वर्षी त्या तारखेला लोटणारा प्रचंड जनसमुदाय आठवतो. ते साहजिकच आहे. परंतु वर्षाचे बाकीचे दिवस आमच्या गावाचे घड्याळ चालते ते पाळ्यांवर. सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगाव अशी कारखान्यांची रांगच लागली आहे. सकाळी सहाला नाक्यावर उभे राहावे आणि पाहावे : हातात डब्याच्या पिशव्या, डोळ्यांवर झोप, आणि गळ्यात ओळखपत्राच्या रंगीत दोऱ्या. त्या दोऱ्यांचा रंग लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मी याच गावात राहतो. नोकरीची शेवटची एकवीस वर्षे मी जवळच्याच एका कारखान्यात काढली. आधी माझ्या दारावर ‘लेबर ऑफिसर’ अशी पाटी होती, मग ती ‘पर्सोनेल’ झाली, आणि २०१९ साली निवृत्त झालो तेव्हा तीवर ‘एच.आर.’ अशी दोन अक्षरे उरली होती. पाटी बदलली, खुर्ची तीच राहिली. समोर येऊन उभा राहणारा माणूसही तोच राहिला आणि त्याचा प्रश्नही : “साहेब, औंदा पगार कमी का आला?”

निवृत्तीनंतर आम्ही वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने देऊ लागलो. उन्हाळ्यात त्या खोल्यांत बहुधा विद्यार्थीच असतात. पुण्याच्या व्यवस्थापन महाविद्यालयांतून एम.बी.ए. करणाऱ्या मुलांना पहिले वर्ष संपले की दोन महिने एखाद्या कारखान्यात किंवा कचेरीत जाऊन प्रकल्प करावा लागतो. ज्यांनी ‘एच.आर.’, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन, हा विषय घेतलेला असतो त्यांतली बरीचशी मुले आमच्या या पट्ट्यात येतात. वाघोलीची वाहनांची कोंडी रोज दोनदा सोसण्यापेक्षा आमच्या मंडळींच्या हातची भाकरी त्यांना बरी वाटते.

२०२५ च्या मे महिन्यात अशा दोन मुली राहायला आल्या, एक कोल्हापूरची आणि एक लातूरची. त्यांच्या गटातला तिसरा, कोथरूडचा मुलगा, मोटारसायकलवरून जाऊन-येऊन करी. लातूरच्या मुलीला सोडायला तिचे वडील आले होते. शाळामास्तर गृहस्थ. पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी दोन वर्षांची फी उभी केली होती. चहा झाल्यावर त्यांनी मला जरा बाजूला घेतले आणि हळूच विचारले,

“साहेब, तुम्ही या क्षेत्रातले. खरं सांगा, या कोर्सनं पोरगी आपल्या पायावर उभी राहील ना?”

मी “हो, हो, न राहायला काय झालं?” असे म्हणून गेलो. मास्तर समाधानाने एस.टी.त बसले. मला मात्र ते ‘हो, हो’ पुढे बरेच दिवस टोचत राहिले. कारण आपण कशाला हो म्हणालो, हे माझे मलाच नीट ठाऊक नव्हते.

आठ दिवसांनी मुलींनी आपले काम मला दाखवले. विषय होता कामगारांचे समाधान. तीस प्रश्नांची छापील प्रश्नपत्रिका, आणि प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन : अत्यंत समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी, अत्यंत असमाधानी. शंभर कामगारांकडून ती भरून घ्यायची, संगणकात घालायची, रंगीत आलेख काढायचे आणि शेवटी ‘निष्कर्ष व शिफारशी’. गठ्ठा चाळला तर जवळजवळ प्रत्येकाने पहिल्या नाही तर दुसऱ्या चौकोनात खूण केलेली. कँटीन? अत्यंत समाधानी. पगार? समाधानी. वरिष्ठांची वागणूक? अत्यंत समाधानी. इतका सुखी कारखाना मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि हा तर माझ्या चांगल्या माहितीतला!

“खुणा करताना जवळ कोण होतं?” मी विचारले.

“सुपरवायझर होते ना काका. त्यांनीच सगळ्यांना ओळीनं बसवलं.”

लातूरची मुलगी जरा थांबून म्हणाली, “एकानं मला विचारलं होतं. म्हणाला, ताई, असमाधानीवर खूण केली तर ठेकेदाराला कळंल का?”

“मग तू काय केलंस?”

“नाही कळणार म्हटलं. तरी त्यानं समाधानीवरच केली.”

“त्याचा तो प्रश्न लिहून घेतलास?”

तिने नकारार्थी मान हलवली. लिहिणार कुठे? त्यासाठी चौकोनच नव्हता.

त्या रात्री मी एक गंमत केली. त्यांच्याच नमुन्याची एक प्रश्नपत्रिका तयार केली. फक्त कारखान्याच्या जागी त्यांचा अभ्यासक्रम घातला. निवडीचे तंत्र, प्रशिक्षण, वेतन, कामगार कायदे, औद्योगिक संबंध, संभाषणकौशल्य हे जे काय तुम्हाला वर्षभर शिकवले त्याने तुम्ही किती समाधानी आहात? आणि शेवटी : हे काम आपल्याला येते असे तुम्हाला वाटते का? तिघांनी हसत हसत पाच मिनिटांत खुणा केल्या. सगळे समाधानी. कोथरूडचा मुलगा तर पहिल्या पानावर अत्यंत समाधानी. सुपरवायझर जवळ नव्हता, पण वर्षभर महाविद्यालयात असेच फॉर्म भरून भरून हाताला सवय झालेली असावी. ते कागद मी कपाटात ठेवून दिले.

मुलांना नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. इंग्रजीत बोलणे, चार माणसांसमोर उभे राहणे, संगणकावर तक्ते बनवणे या गोष्टी त्यांना येतात तशा आम्हांला त्या वयात कधीच येत नव्हत्या. अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग त्यांना तोंडपाठ होते. पण आपण ज्या खात्यात शिरणार ते खाते आपल्याकडे निघाले कशासाठी, हे त्यांनी एका परिच्छेदापलीकडे वाचलेले नव्हते. आणि ती गोष्ट तर आमच्या घरातलीच, म्हणजे मराठी मुलखातलीच आहे.

मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला नोकरी मालक देत नसे, जॉबर देई. तोच गावाहून माणसे आणी, तोच उभे करी, तोच काढून टाकी, आणि या प्रत्येक गोष्टीची दस्तुरी घेई. मालकाला हजेरीपटावरचे आकडे ठाऊक. माणसे ठाऊक नाहीत. या माणसांच्या बाजूने पहिली संघटित हाक दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांच्या चळवळीमुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती १० जून १८९० रोजी. पुढे १९२९ साली सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला शाही आयोग नेमला. लोक त्याला त्याच्या अध्यक्षांवरून व्हिटली कमिशन म्हणतात. १९३१ च्या अहवालात त्याने जॉबरच्या हातातली ही सत्ता काढून घ्या आणि गिरण्यांत लेबर ऑफिसर नेमा, असे सांगितले. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावाची समाजकार्याची शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. कारखान्यांतल्या कल्याण अधिकाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या तिथे घडल्या. आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे झाले. माझी खुर्ची ती त्या कलमाची. इंग्लंडात मात्र हे काम त्याही आधी एका बाईंनी सुरू केले होते. यॉर्कच्या राउंट्री चॉकलेट कारखान्यात १८९६ साली मेरी वुड नावाच्या बाईंना कामगार मुलींची विचारपूस करण्यासाठी नेमले होते. विचारपूस! मला हा शब्द ‘मनुष्यबळ’पेक्षा पुष्कळ आवडतो.

थोडक्यात, मालक आणि कामगार यांच्यामध्ये उभा असलेला मधला माणूस हटावा म्हणून आमचे खाते जन्माला आले. आणि आज? सकाळी सहाच्या नाक्यावरच्या त्या दोऱ्या आठवा. गणवेश एक, यंत्र एक, काम एक; पण एका रंगाची दोरी कारखान्याच्या माणसाची आणि दुसऱ्या रंगाची ठेकेदाराच्या माणसाची. मी नोकरी सोडली तेव्हा दुसऱ्या रंगाच्या दोऱ्या पहिलीपेक्षा जास्त होत्या. जॉबर गेला म्हणता म्हणता त्याचा नातू चारचाकीतून आला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने त्याला परवाना घ्यायला लावले, इतकेच.

हे मी मुलांना सांगे तेव्हा ती आदराने ऐकत. वहीत मात्र काही उतरवीत नसत. निष्कर्ष व शिफारशींत ते बसत नव्हते.

मे महिना म्हणजे आमच्याकडे कुरडया-पापडांचा. मागच्या पत्र्याच्या चाळीतली एक बाई दर वर्षी आमच्या मंडळींच्या मदतीला येते. मूळची परभणीकडची. त्या वर्षी ती आली ती पांढऱ्या कपाळाने. फेब्रुवारीत तिचा नवरा रात्री छातीत कळ येऊन घरीच गेला होता. वय चाळिशीच्या आतबाहेर. पदरात शाळेत जाणारी दोन मुले. तो ठेकेदारामार्फत एका कारखान्यात लागलेला. दोन ठेकेदार होऊन गेले, यंत्र मात्र तेच. गच्चीवर गव्हाचा चीक हाटताना गोष्टी निघाल्या. लातूरच्या मुलीने सहज विचारले, “ताई, त्यांच्या फंडाचं काय झालं?”

“फंडाचं काय व्हायचंय? ठेकेदारानं मातीला धा हजार दिले अन् कागदावर सही घेतली. म्हणला, माणूस कामावर गेला असता तर काही झालं असतं. घरी गेला, मग काय मिळतंय?”

मुलगी चिकाचे हात तसेच घेऊन खाली माझ्याकडे आली.

“काका, हे बरोबर आहे ना? ई.एस.आय.चा आश्रितांचा लाभ कामावरच्या अपघातालाच मिळतो.”

“ते बरोबर. आणि विमा?”

ती गप्प. मग एकदम तिचे डोळे मोठे झाले. “ई.डी.एल.आय.! काका, यावर आम्हाला पाच मार्कांची टीप होती. १९७६ ची योजना. मी लिहिली होती!”

“त्या टिपेत माणूस कारखान्यातच मेला पाहिजे असं कुठं लिहिलं होतंस?”

नव्हते लिहिलेले; कारण कायद्यात तसे नाहीच. भविष्य निर्वाह निधीचा सभासद नोकरीत असताना वारला की या ठेवसंलग्न विम्याची रक्कम वारसाला मिळते. मग तो यंत्रावर जावो की अंथरुणावर. ती सात लाखांपर्यंत जाऊ शकते. शिवाय निधीची शिल्लक. शिवाय विधवेला निवृत्तिवेतन, त्यासाठी दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही. आणि दोन मुलांना पंचवीस वर्षांची होईपर्यंत आईच्या रकमेच्या पाव-पाव भाग. पाच मार्कांची टीप गेला अर्धा तास तिच्यासमोर बसून चीक हाटत होती, आणि तिला ती ओळखू आली नव्हती.

संध्याकाळी तिघे माझ्या ओटीवर बसले. पत्र्याच्या पेटीतून बाईने कागद आणले होते. ग्रॅच्युइटीचा हिशेब करा म्हटले. मूळ पगार व महागाई मिळून तेरा हजार, या ठेकेदाराकडे नोकरी तीन वर्षे आठ महिने. कोल्हापूरची म्हणाली, “पाच वर्षं झाली नाहीत, मग मिळणार नाही.” मृत्यू आला की पाच वर्षांची अट उरत नाही, हे तिला सांगितले. कोथरूडच्या मुलाने फोनवर झरझर आकडे मारले. आठ महिने म्हणजे पूर्ण वर्ष धरायचे हे त्याला बरोबर ठाऊक होते. “सव्वीस हजार, काका.”

“कसे?”

“तेरा हजार भागिले तीस, गुणिले पंधरा, गुणिले चार.”

मला माझी रात्रशाळा आठवली. नोकरी सांभाळून मी पुण्यात कामगार कायद्यांची पदविका केली, संध्याकाळच्या वर्गात. आमचे एक शिक्षक जन्मभर कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेले. वर्गात फळ्यावर काहीही लिहीत नसत. नुसती उदाहरणे घालत आणि तोंडी उत्तर मागत. कुणी तीसने भागले की टेबलावर हात आपटीत. “सव्वीस! तीस नव्हे, सव्वीस! चार रविवार लोखंड्यांनी मिळवून दिलेत, त्यांनी पगार कशाला भागता?” त्यांचा तास आम्हांला मुळीच आवडत नसे. शेजारच्या वर्गात एक प्राध्यापक मानवी स्वभावावर रंगतदार व्याख्याने देत, तिकडे गर्दी. त्या व्याख्यानांतले आज मला एक वाक्यही आठवत नाही. सव्वीस मात्र झोपेतसुद्धा आठवते.

तेरा हजार भागिले सव्वीस म्हणजे पाचशे. गुणिले पंधरा, साडेसात हजार. गुणिले चार, तीस हजार. एका तीसने त्या बाईचे चार हजार गेले असते, आणि फोनवरचा यंत्रमानव ओरडून सांगायलाही आला नसता.

पुढचा महिना मात्र मुलांचा होता, माझा नव्हे. कोथरूडच्या मुलाने रात्री एक वाजेपर्यंत बसून निधीच्या नोंदी लावल्या, आणि मला सुचले नसते ते शोधून काढले : नवऱ्याचे बारा आकडी निधी-क्रमांक एक नाही, दोन होते. पहिल्या ठेकेदाराने एक काढलेला, दुसऱ्याने माहीत नसल्यासारखा दुसरा. एकात आडनाव नाही, दुसऱ्यात जन्मसाल चुकलेले, आणि आधार कार्डावर तिसरेच. नाव जुळत नाही तोवर पैसा हलत नाही; आणि नाव जुळवायच्या अर्जावर ठेकेदाराची सही हवी. बाई म्हणाली, “नाव लावताना कुणी काय लिवलं, म्या काय बघितलं?”

ठेकेदाराची कचेरी शिक्रापूरला एका गाळ्यात होती. लातूरची मुलगी तिथे सात वेळा गेली. साहेब बाहेर गेलेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत, शिक्का संपलाय. (शिक्का संपतो हे मला तेव्हा प्रथमच कळले.) इकडे प्रकल्पाचे दिवस उडत चालले. कारखान्यात ज्यांच्या हाताखाली ती होती त्यांनी सांगितले, हे तुमच्या प्रकल्पात येत नाही. महाविद्यालयातल्या मार्गदर्शकांनी फोनवर सांगितले, विषय बदलता येणार नाही आणि शंभराचा नमुना पूर्ण करा. दोघांचेही त्यांच्या जागी चुकले असे मी म्हणणार नाही. पण प्रमाणपत्रावर सही त्यांचीच होणार होती, आणि मास्तरांचे कर्ज त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर होते. एका रात्री ती जिन्यात बसून राहिली. मी तिला काय सांगणार? माझा हात सारखा फोनकडे जात होता. माझ्या हाताखाली तयार झालेला एक जण त्याच कारखान्यात वरच्या जागेवर होता. एक फोन केला असता तर काम झाले असते. पण मग उमेदवारी तिची कसली? आमच्या मंडळींना हे तत्त्वज्ञान पसंत नव्हते. त्या जिन्यात जाऊन म्हणाल्या, “आधी तिचा कागद. तुझं प्रमाणपत्र नाही मिळालं तर मी लिहून देईन, माझ्या सहीचं.”

दुसऱ्या दिवशी मुलीने पत्र लिहिले. ठेकेदाराला नव्हे, कारखान्याला. ठेकेदाराच्या माणसांच्या निधीची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तिने कायद्याच्या कलमासह लिहिले. माणूस कोणत्या तारखेपासून कोणत्या यंत्रावर होता, कोणत्या दोन क्रमांकांवर वर्गणी जमा आहे, कोणती सही किती दिवस अडली आहे, सगळे एका पानात. विनंती होती, धमकी नव्हती, रडगाणेही नव्हते. बाईला वाचून दाखवून तिची सही घेतली. मी फक्त दोन शब्द बदलले, आणि त्यांतला एक तिने पुन्हा पहिल्यासारखा केला. चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस स्वतः अर्ज घेऊन चाळीत आला. शिक्का सापडला होता.

जुलैअखेर मुले निघाली तेव्हा मी त्यांना तीच माझी प्रश्नपत्रिका पुन्हा दिली, आणि मग कपाटातले मे महिन्यातले कागद काढून शेजारी ठेवले. कोथरूडचा मुलगा ‘अत्यंत समाधानी’वरून ‘समाधानी’वर उतरला होता. कोल्हापूरची जिथल्या तिथे. लातूरच्या मुलीने मे महिन्यात ‘कामगार कायदे’ या विषयापुढे समाधानीवर खूण केली होती. आता अत्यंत असमाधानीवर, आणि चौकोनाबाहेर पेनची रेघ गेलेली. शेवटचा प्रश्न, हे काम आपल्याला येते असे वाटते का? मे महिन्यात ‘होय’. आता तिथे तटस्थ.

तिघांत जिला सर्वांत जास्त येत होते, तिने स्वतःला सर्वांत कमी मार्क दिले होते. मला याचे नवल वाटले नाही; रात्रशाळेतले ते टेबल आपटणारे शिक्षक आठवले. आणि हा केवळ माझा म्हाताऱ्याचा ग्रह नाही. हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या प्रारंभिक अभ्यासक्रमाच्या वर्गांवर झालेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. काही तासांना नुसते सुरेख व्याख्यान, काहींना मुलांनी स्वतः झगडून उदाहरणे सोडवायची. परीक्षेत झगडणारी मुले पुढे गेली. पण आपण जास्त शिकलो असे वाटले ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना. आपल्याकडे महाविद्यालयांची प्रतवारी ठरवताना विद्यार्थ्यांचे समाधान मोजतात, आणि पालकही प्रवेश घेताना ‘मुलं खूश आहेत का’ हेच चौकशीत विचारतात. विचारावे, पण त्याच्याबरोबर एवढेही विचारावे की, इथल्या मुलांना कधी कोणी सव्वीसने भागायला लावले का?

अहवालांचे मार्क लागले तेव्हा लातूरच्या मुलीला गटात सर्वांत कमी पडले. तिचे आलेख कमी होते. पुढे कोथरूडच्या मुलाला हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत भरती खात्यात चांगली जागा मिळाली, आणि तो त्या कामाला लायकच आहे. हिला महाविद्यालयात आलेल्या पहिल्या काही कंपन्यांनी घेतले नाही. मुलाखतीत ‘तुमच्या प्रकल्पातून कंपनीला काय फायदा झाला’ असे विचारल्यावर तिला पटकन उत्तर सुचत नसे. शेवटी रांजणगावच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात, प्रशिक्षणार्थी म्हणून, ती लागली. टाइम ऑफिस म्हणजे हजेरी आणि पगार. एम.बी.ए. झालेली मुले या जागेला नाके मुरडतात. मी म्हणेन, आमचे खाते जिथून सुरू होते ती हीच खिडकी.

त्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेले कायदेही आता मागे पडले. एकोणतीस केंद्रीय कायदे मोडून केलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कल्याण अधिकारी नेमण्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशेवर आली, आणि ठरावीक मुदतीच्या नोकरदाराला वर्षभरातच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. मुलीला मी फोनवर म्हटले, “तुझी सगळी पाठांतरं फुकट गेली.” ती म्हणाली, “पाठांतरं गेली काका. सव्वीस आहे ना अजून?”

चाळीतल्या बाईंना निवृत्तिवेतनाचा आदेश २०२५ च्या सप्टेंबरात आला. विम्याची रक्कम दसऱ्याच्या आत बँकेत पडली. ती किती, ते सांगत नाही; बाई शेजारी राहतात आणि आमच्या गल्लीत भिंतींना कान आहेत. ग्रॅच्युइटीचे तीस हजार ठेकेदाराने दोन हप्त्यांत दिले, दुसरा हप्ता महिनाभर उशिरा. थोरला मुलगा आता शिरूरला तंत्रशाळेत जातो.

त्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी घरात चकलीचा घाणा चालू होता. बाई सोऱ्या फिरवीत होत्या. फोन वाजला, लातूरची मुलगी वसतिगृहातून बोलत होती. दिवाळीच्या शुभेच्छा नाहीत, काही नाही.

“काका, आपण एक विसरलोच! ते फेब्रुवारीपर्यंत कामावर होते ना? एप्रिल ते फेब्रुवारी. तीस दिवसांच्या वर भरले की बोनस लागतो. आठ पूर्णांक तेहेतीस टक्के तरी. वारसाला मिळतो. ठेकेदारानं या लोकांना काल वाटला म्हणे, ताईंना कुणी बोलावलंच नसणार!”

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बाईंना विचारले. त्यांनी सोऱ्या खाली ठेवला.

“बोनस? माणूस गेल्यावर बी?”

“फोन त्यांच्याकडे द्या,” पलीकडून मुलगी म्हणाली. “आणि पेन घ्यायला सांगा.”